काकड्याला चारच माणसं. चालू ठेवावा की बंद करावा?

वीणेकरी_४६
राम कृष्ण हरी मंडळी.
आमचं सातारा जिल्ह्यातलं तीनशे उंबऱ्यांचं गाव. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत विठ्ठल मंदिरात रोज पहाटे साडेचारला काकडा असतो. वडिलांनी तीस वर्षं वीणा धरली, ते गेल्यापासून अकरा वर्षं मी धरतो. लहानपणी सभामंडपात टेकायला जागा नसायची. आज बारावा दिवस. मी, पखवाजवाला आणि दोन म्हातारी माणसं. पखवाजवाला सोयाबीनच्या मळणीत अडकला की तोही नाही, मग पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, कणीक लावायचा प्रश्नच मिटला.

गेल्या वर्षी काल्याच्या जेवणाच्या हिशेबावरून दोन गट पडले, अर्धी माणसं तिथंच तुटली. पोरं रात्री दीडपर्यंत मोबाईलवर, त्यांना चारला कोण उठवणार? पण दुसऱ्याला नावं काय ठेवू. परवा गौळण चालू असताना माझ्याच खिशात फोन थरथरला आणि मी वीणा खांद्याला टेकवून कांद्याचा भाव बघितला. समोर मूर्ती, हातात वीणा आणि डोळे लासलगावात. त्या दिवशी घरी येऊन चहाही गोड लागला नाही.

उमेद खचलीय. असं ओढत राहण्यापेक्षा मानानं थांबवावं का? मोकळेपणानं सांगा.

पायी_दिंडी
माऊली, माणसं मोजायला लागलात तिथंच घोळ झाला. नेम माणसांसाठी धरलेला नसतो. २०२० आठवा. आळंदी-देहूहून लाखो लोक चालत निघायचे, त्या वर्षी रस्ता ओस. ३० जूनला पादुका एसटीत बसून मोजक्या माणसांबरोबर पंढरपूरला गेल्या, १ जुलैला एकादशी झाली. कुणी म्हणालं का की गर्दी नाही तर वारी रद्द करू? आम्ही त्या वर्षी घराच्या गच्चीवर रोज सकाळी चकरा मारून हरिपाठ म्हटला. शेजारी हसले. हसू देत.

रोखठोक
मी उलट बोलणार आहे, राग मानू नका.
थांबवा. वडिलांनी तीस वर्षं केलं म्हणून तुम्ही करताय, ही वडिलांची सेवा झाली, देवाची कुठं? मन कांद्यात आणि तोंडात गौळण, त्यापेक्षा अंथरुणात पडून मनापासून एकदा नाव घेतलेलं बरं. गाडगेबाबा पंढरीला जायचे तेव्हा हातात खराटा असायचा. धर्मशाळा बांधल्या, घाण उचलली. गावाला आज कशाची गरज आहे ते बघा. शाळेचं छत गळतंय का? तिथं लावा ती पहाट.

पायी_दिंडी
@रोखठोक गाडगेबाबा अर्धेच घेऊ नका. कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गेल्याची बातमी आली, तरी कीर्तन मोडलं नाही. खराटा होता आणि कीर्तनही होतं. दिवसा झाडायचं आणि रात्री उभं राहायचं. तुम्ही फक्त खराटा उचलला.

रोखठोक
बरं, तो मुद्दा मान्य. पण असा दाखला समोर ठेवला की साधा माणूस मेलाच. कांद्याचा भाव बघितला म्हणून रात्रभर झोप नाही, आणि तुम्ही त्याला पुत्रशोक पचवणाऱ्याची गोष्ट सांगताय! त्यानं उमेद येते की आणखी खचते?

तीन_फेज
पोरांवर मोबाईलचा ठपका ठेवताय म्हणून लिहितोय. मी त्याच पोरांपैकी, वय सव्वीस. आमच्या फिडरला या आठवड्यात शेतीची लाईट रात्री आहे. बाराला मोटर चालू करतो, साडेतीन-चारपर्यंत हरभऱ्याला पाणी देत दारं मोडतो, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यानंतर अंघोळ करून टाळ धरायला या म्हणता? रानात बसून मोबाईल बघतो हे खरं, कारण झोप लागली तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं. तुम्ही चारला मंदिराकडे निघता तेव्हा लांब शेतात बॅटरी हलताना दिसते ना, ती आमची.

वीणेकरी_४६
@तीन_फेज दिसते बाबा. चुकलं माझं, हे डोक्यातच आलं नाही.

दळणकांडण
आता माझंही ऐका. दादांनी लिहिलं की काकड्याला चार माणसं. त्या चारात बाई किती? बहुतेक शून्य. पण मंदिर सारवणारी, समया घासणारी, काकड्याची वात वळून तुपात भिजवून ठेवणारी कोण? तिचं नाव टाळकऱ्यांत धरत नाहीत. माझ्या सासूबाई महिनाभर साडेतीनला उठायच्या, सासऱ्यांचं अंघोळीचं पाणी तापवायच्या, म्हशी बघायच्या. सासरे 'नेमाचे' म्हणून गावात मान. सासूबाईंच्या नेमाला नावच नव्हतं.
लक्ष विचलित होतं म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, चांगलंच आहे. आमचं तर आयुष्यच विचलित. एक डोळा देवाकडे, एक दुधाकडे. जनाबाईनं जातं सोडून भक्ती केली नाही, जात्यावर केली. म्हणून म्हणते, काकडा साडेपाचला करा. बाया येतील, पोरं येतील.

ब्राह्ममुहूर्त
साडेपाचला पहाट सरायला लागते. काकडा म्हणजे देवाला जागं करणं. तुमच्या सोयीनं देव झोपून राहणार का? आज वेळ, उद्या अभंग कमी, परवा स्पीकरवर रेकॉर्ड लावून मोकळे. आमच्या शेजारच्या गावात नेमकं हेच झालं. आता तिथं पुजारी बटण दाबतो आणि परत झोपतो.

दळणकांडण
@ब्राह्ममुहूर्त चारला देव उठतो आणि उठवायला चार पुरुष. त्यापेक्षा साडेपाचला चाळीस आले तर विठ्ठलाला राग येईल असं वाटत नाही. तो युगानुयुगं उभाच आहे म्हणतात, तास-दीड तासानं काय बिघडतंय?

केडगाव_पलीकडे
मी ख्रिस्ती आहे, इथं बोलू का विचार करत होतो. आमच्याकडेही हेच दुखणं. रविवारची उपासना भरते, बुधवारच्या प्रार्थनेला सहा माणसं, त्यातली दोन भिंतीला टेकून पेंगतात.
मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांना टाकून बोलणारे बाहेरचेही होते आणि आपलेही. इकडच्यांनी धर्म बदलला म्हणून सोडलं, तिकडच्यांना त्या ऐकून घेत नाहीत म्हणून राग. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, साध्या बाईमाणसाला कळेल असं. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, जिच्यावर सगळी संस्था सोपवायची होती. ५ एप्रिल १९२२ ला बाई स्वतः गेल्या. मधल्या महिन्यांत कान जवळपास बंद झालेल्या त्या बाईनं काम खाली ठेवलं नाही.
@रोखठोक म्हणतील हाही मोठ्या माणसाचा दाखला. खरंय. पण त्यांचं रोजचं काम मोठं नव्हतं, एक ओळ, मग दुसरी ओळ. ते आपल्यालाही जमतं.

रोखठोक
@केडगाव_पलीकडे हे पटलं. तरी माझा एक प्रश्न राहतोच. वीणेकरी दादा, तुमच्या गावात सगळ्या आळ्यांतली माणसं काकड्याला येतात? चोखोबा पायरीपाशीच राहिले. पंढरपूरचं दार उघडायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपाशी राहावं लागलं, आणि त्यांना विरोध करणारे रोजचा नेम न चुकवणारेच होते. म्हणून मला नुसत्या चिकाटीचं कौतुक नाही. चिकाटीनं चूकही चालू ठेवता येते.

वीणेकरी_४६
@रोखठोक खरं सांगतो. येतात. वस्तीवरचे दोघं आधी यायचे, टाळ घ्यायचे. पण वीणा त्यांच्या गळ्यात कधी दिली नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि कुणी घ्या असंही म्हटलं नाही. हिशेबाच्या भांडणात ते पहिले बाजूला झाले, आम्ही बोलवायलाही गेलो नाही. रात्रभर याचाच विचार करतोय.

ब्राह्ममुहूर्त
म्हणजे शेवटी वेळ बदलणार तर.

वीणेकरी_४६
(दोन दिवसांनी)
मंडळी, कळवायचं राहिलं. काल फोन मुद्दाम घरी ठेवून गेलो. काकडआरती, भूपाळ्या, वासुदेव, आंधळा-पांगुळ पाठ आहेत, तिथवर निभलं. मग मदालसेच्या पाळण्याशी आलो आणि अडलो. कारण पोथीही फोनमध्येच आहे! जुनं छापील पुस्तक वाळवीनं खाल्लं तेव्हापासून मी पीडीएफवरच म्हणतो. पखवाजवाला माझ्या तोंडाकडे बघतोय, म्हातारे मला बघतायत, सगळं गप्प.

तेवढ्यात खांबाच्या मागून आवाज आला. वाती करून देणाऱ्या आजी. आम्ही मोजलेल्या चारांत त्या नव्हत्या, दळणकांडण ताईंनी बरोबर ओळखलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. पाळण्याची चाल त्यांनी धरली ती आमच्यापेक्षा सावकाश होती, पखवाजवाल्याला ठेका सोडून परत पकडावा लागला. नंतर विचारलं, कधी शिकलात? म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून ऐकतीय. म्हण म्हटलं नाही कुणी, म्हणून म्हटली नाही."

वेळ अजून ठरली नाही. ब्राह्ममुहूर्त आणि ताई दोघांचंही गावात वाचून दाखवलं, त्यावर वेगळंच भांडण लागलंय. वस्तीवर मी काल संध्याकाळी जाऊन आलो. एकानं चहा पाजला आणि बघतो म्हणाला. दुसरा घरी नव्हता, किंवा नाही असं सांगितलं.

@तीन_फेज पुढच्या आठवड्यात लाईट दिवसाची आहे ना? उद्या कणीक मी घेऊन जातोय.