चाचणी वैमानिकाची अट: गरज की सोय?

धागालेखक: नभोमार्गी

मर्क्युरी प्रकल्पासाठी निवडलेले अमेरिकेचे पहिले सात अंतराळवीर ९ एप्रिल १९५९ रोजी जगासमोर आले आणि ते सातही लष्करी चाचणी वैमानिक, म्हणजे नवी विमाने उडवून पारखणारे वैमानिक, होते, यावर आज जी टीका होते ती मला अन्यायकारक वाटते. निवड फक्त अशा वैमानिकांतूनच करायची ही अट अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मान्य केल्यामुळे ५०८ वैमानिकांच्या सेवानोंदी आयत्या हाती आल्या. चाळिशीच्या आतले वय, पाच फूट अकरा इंचांच्या आतली उंची, दीड हजार तासांचे उड्डाण अशा कसोट्यांना त्यांतले ११० जण उतरले आणि पुढे ३२ जणांची अल्बुकर्कच्या लव्हलेस क्लिनिकमध्ये व नंतर डेटन येथे कसून तपासणी झाली. अग्निबाणांचे आकाशातच तुकडे होण्याच्या त्या काळात, यंत्र बिघडले तरी डोके शांत ठेवणारा माणूस शोधण्यात गैर ते काय?

प्रतिसाद: उत्तररात्र

सहमत नाही. लष्करी चाचणी वैमानिकांच्या शाळांमध्ये त्या वेळी स्त्रियांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे ही अट कौशल्याची दिसली तरी प्रत्यक्षात ती दाराची कडी होती. त्याच क्लिनिकच्या वैद्यकीय चाचण्या पुढे तेरा महिला वैमानिक उत्तीर्ण झाल्या. त्यांच्यापैकी जेरी कॉब यांनी जुलै १९६२ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे बाजू मांडली, तेव्हा त्या सातांपैकी एक असलेल्या जॉन ग्लेन यांनी या क्षेत्रात स्त्रिया नसणे ही समाजव्यवस्थेतली वस्तुस्थिती असल्याचे सांगितले. गंमत अशी की, कसोट्यांत पदवीही होती, पण निवड झाली तेव्हा स्वतः ग्लेन यांची पदवी पूर्ण नव्हती; तिथे मात्र ‘किंवा तिच्या तोडीचे शिक्षण’ ही पळवाट कामी आली.

प्रतिसाद: नभोमार्गी

पदवीचा मुद्दा मान्य. पण शरीर सुदृढ असणे म्हणजे यान हाताळता येणे नव्हे. फेब्रुवारी १९६२ मध्ये स्वयंचलित नियंत्रण बिघडल्यावर ग्लेन यांनी आणि मे १९६३ मध्ये त्याहून बिकट अवस्थेत सातांपैकीच गॉर्डन कूपर यांनी यान हाताने सांभाळले, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

प्रतिसाद: दुर्बीण

दोघांनीही सोव्हिएत बाजू विचारात घेतलेली नाही. व्होस्तोक यान बहुतांशी स्वयंचलित असल्यामुळे तिथे तरुण लढाऊ वैमानिक घेतले गेले आणि त्यांचा उड्डाणाचा अनुभव दीड हजार तासांच्या जवळपासही नव्हता. उंचीची मर्यादा मात्र १७० सेंटिमीटर, म्हणजे अमेरिकेहून कडक होती. व्होस्तोकमधून उतरताना प्रवाशाला आसनासह बाहेर फेकले जाऊन हवाई छत्रीने जमिनीवर यावे लागे, म्हणून महिलांच्या निवडीत छत्रीउडीचा अनुभव मोलाचा ठरला आणि कापड गिरणीत काम केलेल्या व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा १९६३ मध्ये अंतराळात जवळजवळ तीन दिवस राहिल्या, म्हणजे सहाही समानव मर्क्युरी उड्डाणांच्या एकत्रित वेळेपेक्षा जास्त. माणूस कसा हवा हे यंत्र ठरवत होते.

प्रतिसाद: उत्तररात्र

मग मर्क्युरीचे यंत्र काय सांगत होते? अंतराळात गेलेले पहिले अमेरिकी ॲलन शेपर्ड यांच्या आधी, जानेवारी १९६१ मध्ये, त्याच जातीच्या यानातून हॅम नावाचा चिंपांझी सुखरूप परतला होता. यानाला मोठी खिडकी मिळाली तीसुद्धा निवडलेल्या वैमानिकांनी आग्रह धरल्यानंतर. आधी वैमानिक नेमले आणि मग यान त्यांच्या हाताजोगे झाले, असाही क्रम असू शकतो. कूपर यांच्या कौशल्याला यामुळे मी कमी लेखत नाही.