टाचेचे हाड वाढल्यामुळेच टाच दुखते का?

प्रश्न : बोरिवलीची शिक्षिका

माझे वय 47 असून मी एका माध्यमिक शाळेत शिकवते. रोज पाच-सहा तासिका उभ्याने घ्याव्या लागतात. गेल्या तीन महिन्यांपासून सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल लादीवर टेकवले की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते आणि स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरत जावे लागते. दहा-बारा पावलांनंतर कळ ओसरते. मात्र लोकलमध्ये उभे राहून घरी आले की संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले. शेजारच्या काकू म्हणतात की ते कापल्याशिवाय सुटका नाही. हे खरे आहे का, आणि हा त्रास कोणाला होतो?

उत्तर : परळची फिजिओथेरपिस्ट

ताई, आधी हाडाची भीती मनातून काढून टाका. टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही असे वाढलेले हाड दिसते. आपण केलेले वर्णन प्लांटर फॅसिआयटिसशी, म्हणजे तळव्यातील पडद्याच्या दुखण्याशी, जुळते आणि टाचदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण तेच आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पडदा असतो आणि पावलाची कमान तो तोलून धरतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले राहिल्याने तो आखडतो आणि सकाळी त्यावर अंगाचा सगळा भार एकदम पडला की जिथे तो हाडाला चिकटतो तिथे कळ उठते. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहा. बहुतेक वेळा दुखरा बिंदू तिथेच सापडतो.

चाळिशी ते साठीतील माणसे, वजन जास्त असणारे, पोटऱ्या आखडलेल्या असणारे, सपाट किंवा फार उंच कमानीचे पाऊल असणारे, तसेच शिक्षक, परिचारिका, वाहतूक पोलीस, दुकानातील विक्रेते यांसारखे दिवसभर उभे राहणारे लोक यांना हा धोका अधिक असतो. जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी एकाएकी अंतर वाढवणारे धावपटूही त्यात येतात. आपल्याकडे घरात अनवाणी वावरण्याची रीत आहे, पण टाच दुखत असताना कडक लादीवर ते सोसत नाही. म्हणून घरासाठी मऊ तळाच्या वेगळ्या चपला ठेवाव्यात. उठण्यापूर्वी अंथरुणातच टॉवेल चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे 30 सेकंद ओढून धरावे आणि असे तीन-चार वेळा करावे. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून पोटरीही ताणावी. बहुतेकांना वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो; मात्र हा व्यायाम चार दिवसांत सोडून चालत नाही.

उत्तर : विक्रोळीकर

ताईंचा त्रास वेगळा दिसतो, तरी तरुण वाचकांसाठी लिहितो. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही टाचा विसाव्या-बाविसाव्या वर्षीच दुखू लागल्या. दोन वर्षे आम्ही फक्त चपला बदलत राहिलो. सकाळी त्याची कंबरही तासभर ताठलेली असे आणि हालचाल केल्यावरच मोकळी होई, पण हे आम्ही कोणत्याच डॉक्टरांना सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. शेवटी अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मुख्यतः पाठीच्या कण्याला धरणारा संधिवात, निघाला. या आजारात स्नायुबंध जिथे हाडाला जोडलेले असतात तिथेच सूज येते, म्हणून टाच धरते. तरुण वयात दोन्ही टाचा आणि कंबर एकत्र दुखत असतील, तर संधिवाततज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये, ही कळकळीची विनंती.

उत्तर : गिरगावचे आजोबा

माझे वय 72. मला टाचेच्या अगदी मध्यभागी दुखते आणि चालावे तसे ते वाढत जाते. टाचेखालची चरबीची गादी वयोमानाने पातळ झाली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. सिलिकॉनची टाचगादी बुटात घातल्यापासून बाजारापर्यंत जाऊन येता येते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दाबून पाहिले, दुखरा बिंदू नेमका आतल्या बाजूलाच आहे. एका ओळखीच्या बाईंना टाचेत इंजेक्शन घेऊन लगेच बरे वाटले. मीही घ्यावे का?

परळची फिजिओथेरपिस्ट

घाई करू नका. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो, पण ते वारंवार घेतल्यास आजोबांनी सांगितलेली तीच गादी पातळ होऊ शकते आणि क्वचित तळव्याचा पडदाही फाटतो. दोन-तीन महिने नेटाने ताण देऊनही फरक पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी त्याविषयी बोला. मधुमेह असेल तर तेही त्यांना आधीच सांगा, कारण इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते.