मदत हवी आहे: विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकेल अशी ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी आत न येऊ देणारी) कोणती?

नमस्कार. आम्ही काही जण नागपूरहून भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर पाणपक्षी मोजायला जातो. मुख्य काम जानेवारीतल्या गणनेचं, पण पावसाळा सरताना आणि हिवाळाभर अधूनमधून फेऱ्या होतात. कमळ, शिंगाडे आणि देवधानाच्या (रानभाताच्या) आड बसलेले पक्षी काठावरून दिसत नाहीत, म्हणून मासेमारी करणाऱ्या ढिवर दादांच्या डोंग्यातून (छोट्या होडीतून) आत जावं लागतं. डोंग्याच्या तळाशी थोडं पाणी कायम असतंच आणि सामान ठेवायला जागाही तेवढीच.

सोबत दुर्बिणी, मोठ्या लेन्सचा कॅमेरा, फोन, पॉवर बँक, कपड्यांचा एक जोड आणि नोंदवह्या असतात. मला सर्वात जास्त काळजी वह्यांची आहे. सारसाच्या जोडीची त्या सकाळची नोंद भिजली तर ती गेलीच.

आधीची बॅग २० लिटरची, नायलॉनची, आतून कोटिंग असलेली होती. पाण्यात तिनं कधी दगा दिला नाही. हिवाळ्यानंतर कपाटात ठेवली आणि जूनमध्ये काढली तर आतला थर चिकट झालेला, हाताला पापुद्रे लागत होते आणि शिवणीवरची पट्टी सुटून लोंबत होती. कुठे फाटली नव्हती, कशावर घासली नव्हती. दुकानात विचारलं की सगळे ‘मॅडम, शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणतात. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तिथे ती किती वर्षं टिकेल, हे मात्र कोणी सांगत नाही. मला तेच हवं आहे.

पीव्हीसी घ्यावी की टीपीयू? ‘५००डी’ लिहिलेली जाड बॅग खरोखर जास्त चालते का? एकच मोठी घ्यावी की दोन-तीन छोट्या? आणि नागपूरच्या इतवारी बाजारात ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतली तर चालेल का? सगळ्यांचे मिळून चार-पाच हजार रुपये आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी एक सांगा. कपाट कूलरच्या खोलीत होतं का?

तुम्ही वर्णन केलेला थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयू कोटिंगचा दिसतो. नुसत्या कोरड्या उन्हानं तो असा चिकट होत नाही. उष्णता आणि ओल एकत्र आली की पाण्याचे रेणू त्या थराची साखळी तोडत जातात. सुरुवातीला वास येतो, मग चिकटपणा, मग पापुद्रे. आपल्याकडे मेमध्ये बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी घरात वाळ्याचा कूलर रात्रंदिवस चालतो आणि खोली ओलसर-कोंदट राहते. त्यात बॅग घडी घालून ठेवली, आत थोडी ओल राहून गेली, तर त्या थराचं आयुष्य संपायला तेवढे दोन-तीन महिनेही पुरू शकतात. जुन्या तंबूंचं आणि पावसाळी जाकिटांचंही असंच होतं.

धागाकर्ती

हो, कूलरच्याच खोलीत. खिडकीतून कूलर हवा आत फेकतो आणि समोरच कपाट. हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. मग कोटिंगच नसलेला काही प्रकार असतो का?

प्रतिसाद २

कोटिंग लागतंच, फक्त कशाचं ते पाहायचं. माझं मत क्रमानं देतो.

पीव्हीसी म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर जाड प्लास्टिकचा थर. डोंग्याच्या फळीवर, दगडावर घासायला हीच सर्वात दणकट, स्वस्त आणि ओलीला न डगमगणारी. पण वजनदार. शिवाय ती मऊ राहावी म्हणून तिच्यात जे प्लास्टिसायझर घालतात ते उष्णतेनं हळूहळू निघून जातं. मग बॅग ताठरते आणि जिथे कायम घडी पडते तिथेच तडकते. म्हणून पीव्हीसीची घडी घालून ठेवूच नये.

टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. त्याच्या कोटिंगचं नायलॉन हलकं, लवचीक आणि घडीला जास्त सोसणारं. महाग पडतं. त्यातही इथर जातीचं टीपीयू ओलीला चांगलं टिकतं, एस्टर जातीचं पीयूसारखंच ओलीनं खराब होऊ शकतं. लेबलवर हे बहुधा लिहिलेलं नसतं, तरी दुकानदाराला विचारा. बनवणाऱ्या कंपनीला ईमेल टाकली तर त्यांना सांगता आलं पाहिजे.

सिलिकॉन कोटिंगच्या पातळ पिशव्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये आत घालायला छान. पण डोंग्याच्या तळाशी ठेवायला त्या नकोत.

‘डी’ म्हणजे डेनिअर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ५००डी म्हणजे आतलं कापड जाड, एवढंच. वरचा थर किती जाड आहे हे त्यातून कळत नाही. मी डेनिअरच्या आधी शिवण पाहतो. बॅग उलटी करून जोड बघा. दोरा दिसला आणि त्यावर पट्टी चिकटवलेली असली तर उन्हाळ्यात ती पट्टी सुटणार. वेल्डिंग केलेल्या जोडात सुईचं भोकच नसतं, दोन्ही थर वितळून एक झालेले असतात. टिकाऊपणाचे पैसे द्यायचे असतील तर इथे द्या.

प्रतिसाद ३

इतवारीचं मी सांगतो, आमच्या घरी ट्रकचा धंदा आहे. निळी-पिवळी स्वस्त ताडपत्री घेऊ नका बाप्पा. ती पॉलिथिनची असते, घडीवर बारीक भोकं पडून राहतात आणि तिच्यावर काही चिकटत नाही. ट्रकवर टाकतात ती जाड पीव्हीसीची मागा. आणि मशीनवर शिवून मागू नका, गरम हवेच्या मशीननं जोड मारून द्या म्हणा. ते करणारे आहेत ना, पण गोल बूड त्यांना जमत नाही. चपटं बूड आणि दोन पदर सांगा, घासतं तिथंच तर फाटते. तोंडाला आतून कडक पट्टी टाकायला लावा, नाहीतर गुंडाळी नीट बसत नाही. कपड्या-चपलांसाठी चालून जाईल. कॅमेऱ्यासाठी मी तरी नाही म्हणेन, ताई.

प्रतिसाद ४

मी पावसाळ्यात सायकलवर लांबच्या फेऱ्या करतो. गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला दिसतो म्हणून लिहितोय. अशी बॅग शिंतोडे, पाऊस आणि पाण्यात पडून लगेच उचलली जाण्यासाठी असते. ‘आयपीएक्स६’ म्हणजे जोराच्या फवाऱ्याला टिकणारी. ‘आयपीएक्स७’ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. गुंडाळीच्या बहुतेक बॅगा या दुसऱ्या कसोटीच्या नसतात. तशी हवी असेल तर हवाबंद चेनच्या बॅगा मिळतात, पण तुमच्या पैशात बसणार नाहीत. चेनमध्ये वाळू गेली की त्याही गळतात.

तोंड कमीत कमी तीनदा गुंडाळायचं. त्यासाठी वरचा चौथा भाग तरी रिकामा हवा, म्हणजे २० लिटरमध्ये १५ लिटरचंच सामान. लोक गच्च भरतात, एक वळसा देऊन बकल लावतात आणि मग बॅगेला नावं ठेवतात. थोडी हवा आत राहू द्या. डोंगा कलंडला तर बॅग तरंगेल.

एक विनंती, पाठीला अडकवायच्या पट्ट्यांची ड्राय बॅग डोंग्यात पाठीवर घालून बसू नका. पाण्यात पडलात तर ती पाठ वर उचलते आणि तोंड पाण्यात जातं. बॅग तळाशी, अंगावर लाइफ जॅकेट.

धागाकर्ती

लाइफ जॅकेटची सूचना आमच्या गटात आजच टाकते, आम्ही सगळे घालत नाही.

आता असं ठरवतेय: वेल्डिंगच्या जोडाची टीपीयूची १० लिटरची कॅमेरा-दुर्बिणीसाठी, तशीच ५ लिटरची फक्त वह्यांसाठी, आणि कपड्यांना इतवारीतून पीव्हीसीची. वह्या वेगळ्या ठेवल्या म्हणजे लेन्स बदलायला मोठी बॅग उघडली तरी त्यांना पाणी लागणार नाही. घेतल्यावर घरी तपासायची कशी? आणि पहाटे गार तलावावर बॅग उघडली की दुर्बिणीवर वाफ धरते, त्याचं काय?

प्रतिसाद १

तपासणी सोपी आहे. बॅगेत हवा भरून तोंड गुंडाळा, मोठ्या टबात दाबून धरा आणि जोडांवर बुडबुडे पाहा. मग वर्तमानपत्राचा कागद आत घालून शिंपडा मारा, थोडा वेळ बुडवा, कागद पाहा. दुकानदार परत घेईल का हे आधीच विचारून ठेवा. ही तपासणी दर पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा करा.

वाफेचं कारण आत कोंडलेली दमट हवा. बॅग गार झाली की ती काचेवर पाणी होऊन बसते, आणि तसंच राहिलं तर लेन्सला बुरशी. सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल शोषलेली असते. ते तापवून पुन्हा वापरता येतात, पण निळ्या रंगासाठी वापरलेलं कोबाल्टचं क्षार विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. घरी आल्यावर सामान बाहेर काढायचं आणि बॅग उलटी करून सावलीत वाळवायची.

ठेवायची ती कूलर नसलेल्या खोलीत, तोंड उघडं ठेवून खुंटीला टांगून. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. आणि डासांचं डीट असलेलं मलम हाताला असताना बॅगेला हात लावू नका, डीट बरीचशी प्लास्टिकं विरघळवतं.

प्रतिसाद ३

दुरुस्तीचंही सांगतो. पंक्चरवाल्याचं सोल्यूशन रबराचं असते, ते पीव्हीसीला धरत नाही. ताडपत्रीवाल्याकडूनच पीव्हीसीचं सोल्यूशन आणि त्याच ताडपत्रीचा एक वीतभर तुकडा मागून घ्या. भोक पडलं तर आधी जागा स्पिरिटनं पुसा, तुकड्याचे कोपरे गोल कापा, दोन्हीकडे सोल्यूशनचा पातळ हात मारा, जरा सुकू द्या, मग दाबून रात्रभर वजन ठेवा. टीपीयूला हे चालत नाही, तिचं पॅच तिच्याच कंपनीचं घ्या.