हाय-फायची कोणती मासिकं घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. बाबांच्या शास्त्रीय संगीताच्या एलपी नीट ऐकता याव्यात म्हणून टर्नटेबल, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे आहेत. त्याआधी वर्षभर एखादं चांगलं मासिक वाचावं म्हणतो. बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानांत विचारलं, पण तिथे ही मासिकं येत नाहीत.

१९६२ पासूनचं 'स्टिरिओफाइल' मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ऐकून लिहिलेल्या परीक्षणासोबत प्रयोगशाळेतली मोजमापंही छापतात. स्पीकरचा इम्पीडन्स (विद्युत प्रवाहाला होणारा विरोध) किती खाली उतरतो हे आलेखात दिसलं, की आपला अॅम्प्लिफायर त्याला झेपेल का ते कळतं. १९७३ चं 'द अॅब्सोल्यूट साउंड' मात्र मुख्यतः कानावर विसंबतं. 'व्हॉट हाय-फाय?' तारे देऊन मोकळं होतं. स्वस्त वस्तू निवडायला ते बरं, पण कारणं थोडक्यात असतात.

यातलं कोणी नियमित वाचतं का? डिजिटल वर्गणी घ्यावी की जुने छापील अंक शोधावेत? आणि विदर्भात कोणाकडे जुने अंक असतील तर कृपया सांगा, मी स्वतः येऊन वाचीन. क्लास ए अॅम्प्लिफायर (आवाज नसतानाही सतत भरपूर वीज घेणारे) फार तापतात, आपल्या मे महिन्यात ते चालवणाऱ्यांचा अनुभवही हवा आहे.