मदत हवी आहे : दहा मिनिटांत जखम भरून येणाऱ्या नायकाचे जीवशास्त्र

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या सातवीच्या मुलांनी भित्तिपत्रकासाठी एक गोष्ट रचली आहे. तिचा नायक मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातो, अस्वल त्याच्या मांडीचा पाव किलो मांसाचा लचका तोडते आणि दहा मिनिटांत ती जागा होती तशी भरून येते. गोष्ट वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, ‘‘सर, पण मास आलं कुठून? अन् त्याले ताप नाई येत का?’’ त्या दिवशी मी निरुत्तर झालो. नंतर बरेच वाचले, तरी उत्तर निम्मेच हाती आले आहे, म्हणून हा धागा.

मांसाचा हिशोब सोपा निघाला. स्नायूत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, आणि पाव किलोमागे साधारण 50 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे जवळजवळ पाव किलो तुरीच्या डाळीत असतात तितकी. डाळ खाऊन पचवायला काही तास जातील, तेव्हा दहा मिनिटांत ही सामग्री नायकाच्या स्वतःच्या अंगातूनच निघायला हवी. एक मांडी भरताना दुसरी बारीक होईल. मुलांना ही कल्पना फार आवडली.

तापाचा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेला होता, आणि तोच सगळ्यांत अवघड ठरला. नवे मांस घडवताना 100 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते असे नुसते धरून चाललो, तरी 50 किलो वजनाच्या शरीराचे तापमान तेवढ्याने सुमारे अडीच अंशांनी चढते, म्हणजे 37 वरून साडेएकोणचाळीसवर. उष्णता 250 किलोकॅलरी धरली, तर नायक त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि जखमेने नव्हे, तापाने मरतो. थंडीत ही उष्णता अंगावरून निघून गेली असती. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हवाच अंगापेक्षा गरम असते आणि घामाशिवाय दुसरी वाट उरत नाही. एक लीटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र दहा मिनिटांत तेवढा घाम येणार कसा आणि वाळणार कसा?

माझे खरे अडलेले घोडे वेळेचे आहे. माणसाच्या वेगाने वाढणाऱ्या पेशीलाही दुभंगायला साधारण एक दिवस लागतो. फळमाशीच्या अगदी कोवळ्या भ्रूणात केंद्रके 8 ते 10 मिनिटांनी दुभंगतात, पण त्यासाठीची सामग्री आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेली असते. आपल्या भिंतीवरच्या पालीचे शेपूट पुन्हा येते खरे, पण त्यात मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. अ‍ॅक्सोलॉटल हा जलचर प्राणी हाडासकट पाय उगवतो, पण त्यालाही आठवडे लागतात. सस्तन प्राण्यांत चितळाची शिंगे दरवर्षी गळून नव्याने येतात. या कुळातील मोठ्या हरणांत ती दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकतात, पण दहा मिनिटांच्या हिशोबात तेही कासवच. तेव्हा जाणकारांना माझी विनंती अशी की, पेशी दुभंगण्यावाचून जखम बुजवण्याचा एखादा मार्ग निसर्गात असेल तर सांगावा. आणि वेगाने दुभंगणाऱ्या पेशी थांबल्याच नाहीत, तर कर्करोगापासून नायकाला काय वाचवील, तेही सांगावे.

प्रतिसाद : सर, दुसऱ्या प्रश्नासाठी हत्तीकडे पाहावे. बिघडलेल्या पेशीला मरण पत्करायला लावणारे टीपी53 हे जनुक आफ्रिकी हत्तीत 20 प्रतींत आढळते, आपल्यात एकच प्रत असते. पहिल्याचे उत्तर असे की, पेशी दुभंगण्याऐवजी सरपटू शकतात. माशांच्या त्वचेतील पेशी मिनिटाला 10 ते 30 मायक्रोमीटर सरकतात. दोन्ही काठांकडून दहा मिनिटे चालल्या, तर फार तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट बुजेल. त्याहून मोठ्या जखमेत नव्या रक्तवाहिन्याही लागतात, कारण प्राणवायू रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे पुरेसा पोचत नाही.

धागाकर्ता : मनःपूर्वक आभार. म्हणजे दहा मिनिटांत माझ्या नायकाला बोरीच्या काट्याचा ओरखडा तेवढा भरून काढता येईल, लचका नव्हे. आज वर्गात हे सांगितले. हत्तीचे जनुक घालायला मुले एका पायावर तयार आहेत, नायकाला जखमेनंतर नाल्यात बसवून अंग थंड करायचेही ठरले. पण अस्वल काढून बोरीचा काटा घालायला पूर्ण वर्गाने नकार दिला आहे.