टॉप गिअर सुटतोय, अख्खा सेट बदलायला सांगतायत

सळईवाला, जालना
नमस्कार मंडळी. सहाचाकी गाडी, पाच गिअरचा बॉक्स, टॉप डायरेक्ट. जालन्याहून सळई भरून पुण्याला जातो, येताना मिळेल तो माल. हल्ली टॉप सुटायला लागलाय. एक ते चार एकदम ओके, आवाज नाही, काही नाही. टॉपमध्ये ॲक्सिलरेटर दाबलेला असला की टिकतो; पाय उचलला की खट्ट करून न्यूट्रल. रिकामी असताना कधीमधी, भरलेली असताना हमखास. परवा परत येताना इमामपूरचा घाट संपता संपता टॉप टाकला, पुढे एसटी आली म्हणून पाय काढला आणि सुटला. मागे भरलेला माल, नुसत्या ब्रेकवर गाडी आवरली.
इथला मिस्त्री म्हणतो टॉपचा गिअर गेला, सेट बदला. आकडा ऐकून घाम फुटला. दिवाळीच्या आधी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट टाकली होती, त्याव्यतिरिक्त बॉक्सला कुणी हात लावलेला नाही. सेट खरंच लागतो का?

रोडकिंग
भाऊ, सीझन चालू आहे, बॉक्स कशाला उतरवताय. जुन्या ट्यूबचा पट्टा कापा, टॉप टाकला की लिव्हरला अडकवा. आमच्याकडं सगळे हेच करतात.

निवृत्त फिटर, चिकलठाणा
पट्टा अजिबात लावू नका. स्लीव्ह म्हणजे गिअर जोडणारी सरकती रिंग, ती चाकांकडे जाणाऱ्या मेन शाफ्टबरोबर फिरते; तिला सरकवणारा फोर्क जागेवर उभा असतो. पट्ट्याने फोर्क सतत स्लीव्हच्या खाचेत दाबून राहिला की आधी फोर्कचे पॅड जळतात, मग खाच रुंद होते. आज फक्त सुटतोय, उद्या टाकताच येणार नाही. काही ड्रायव्हरांना लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवायची सवय असते, तिनेही हेच होतं, जरा सावकाश होतं इतकंच.

आता मूळ प्रश्न. सळईवाले, डायरेक्ट टॉपमध्ये "टॉपचा गिअर" म्हणून लोड घेणारी दात्यांची जोडीच नसते, मग तो जाईल कुठून? बाकीच्या गिअरमध्ये ताकद इंजिनाकडून येणाऱ्या क्लच शाफ्टवरून खालच्या ले शाफ्टवर जाते आणि तिथून वर मेन शाफ्टवर येते. टॉपमध्ये स्लीव्ह पुढे सरकून क्लच शाफ्ट आणि मेन शाफ्ट सरळ एकमेकांना जोडते. ले शाफ्ट रिकामा फिरत राहतो. म्हणून टॉपची तक्रार असली की मी आधी दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का ते बघतो. एसटीच्या वर्कशॉपात गिअरबॉक्स सेक्शनला नोकरी गेली माझी. टॉप सुटतो म्हणून आलेल्या बॉक्सांत निम्म्यांचं दुखणं बॉक्सच्या बाहेर निघायचं.

बॉक्स उतरवण्याआधी हे बघ. टॉपमध्ये चालताना पाय उचलला की सुटण्याच्या आधी लिव्हर स्वतःहून मागेपुढे होते का? होत असेल तर इंजिनाचे आणि बॉक्सचे माउंटिंग रबर बघ. मग गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, शिफ्टिंगचा रॉड बॉक्सपाशी सोडव आणि टॉप हाताने टाक. केबिनमधल्या लिव्हरने जातो त्यापेक्षा पुढे गेला तर लिंकेजचे बुश झिजलेत, टॉप अर्धाच पडतोय. स्वस्तात सुटलास. वरच्या झाकणात फोर्कची रेल जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग असते, तीही तुटलेली सापडते कधी.
आणि मुख्य म्हणजे क्लचचं काम झाल्यावर सुटायला लागलाय का, ते नीट आठव.

सळईवाला, जालना
काका, रॉड सोडवून बघितला. लिव्हरने जातो तेवढाच हातानेही जातो. लिव्हर मात्र हलते, माउंटिंग चांगले असूनही. थरथरते आणि मग सुटते. क्लचच्या आधी हा त्रास नव्हता, हे नक्की.

निवृत्त फिटर, चिकलठाणा
मग बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि बॉक्सच्या मधलं क्लचवरचं कवच. क्लच करताना बॉक्स मागे घेतला असणार. परत बसवताना जोडाचा फेस पुसला नाही, जागा पक्की धरणारी डॉवेल पिन घातली नाही किंवा बॉक्स नुसत्या बोल्टनेच ओढून घेतला, तर क्लच शाफ्ट किंचित तिरका बसतो. टॉपमध्ये असा तिरका शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला स्लीव्हला थोडं मागे ढकलतो. ती थरथर त्याचीच. फ्लायव्हीलमधलं, क्लच शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंगही बघ, नवी प्लेट टाकतात आणि जुनं बेअरिंग तसंच ठेवतात.
बॉक्स उतरवावाच लागेल, पण सेटची ऑर्डर देऊ नकोस. आधी उघडून बघ.

मालवाहू, बार्शी
तोवर चौथ्यावर गाडी चालवली तर चालेल का?

निवृत्त फिटर, चिकलठाणा
चालेल, डिझेल जास्त जाईल आणि आरपीएम सांभाळावा लागेल. टॉपमध्ये भरलेली गाडी उतारावर नेऊ नका. सुटला की इंजिनाचा रोध गेला आणि एक्झॉस्ट ब्रेकही गेला. मग पुन्हा पुन्हा पाय मारून ब्रेकची हवा उतरते.

सळईवाला, जालना
बॉक्स उतरवला. काका म्हणाले तेच. एक डॉवेल जागेवर नाही, दोन बोल्ट हाताने फिरत होते, फेसवर जुन्या पॅकिंगचे पापुद्रे. पायलट बेअरिंग कोरडं, फिरवलं की किरकिरतं. क्लच शाफ्टच्या डॉगचे, म्हणजे ज्यांवर स्लीव्ह चढते ते, दाते एका बाजूने गोल झालेत, दुसरी बाजू नव्यासारखी. मेन शाफ्टचं टोक क्लच शाफ्टमध्ये ज्या रोलरवर बसतं ते रोलरही ढिले. मिस्त्री म्हणतो दाते वेल्डिंगने भरून घासून देतो.

निवृत्त फिटर, चिकलठाणा
गोल झालेली बाजू कुठली ते सांगतो. पाय उचलल्यावर चाकं इंजिनाला ओढतात, तेव्हा ज्या बाजूवर लोड येतो ती. म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर टिकत होता.
वेल्डिंग नको. डॉगचा दाता मुळाशी किंचित बारीक आणि टोकाला रुंद घडवलेला असतो, त्यामुळे लोड आला की स्लीव्ह उलट आत खेचली जाते. तो उतार फाइलने हातावर येत नाही. शिवाय दात्याचं वरचं कडक कवच वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतं.
डॉगची रिंग वेगळी दाबून बसवलेली असेल तर नुसती रिंग मिळते. शाफ्टलाच घडवलेली असेल तर शाफ्ट घ्यावा लागेल. स्लीव्हचे आतले दाते उजेडात धरून बघ. तेही गोल असतील तर स्लीव्ह आणि तिच्या आतला हब जोडीने घे, नाहीतर नवा डॉग जुनी स्लीव्ह पुन्हा खाईल. रोलर, पायलट बेअरिंग, पुढचं ऑइल सील हे बदलायचंच. कोन रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी रिंग) दाबून धर आणि ती व डॉगचे दाते यांच्यामधल्या फटीत फीलर, म्हणजे फट मोजायची पट्टी, घाल. नव्यात साधारण मिलिमीटरभर जागा मिळते. अर्ध्यावर आली असेल तर रिंगही घे. पक्का आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला धरायचा.
पहिल्या ते चौथ्या गिअरला हात लावायचं कारण नाही.

सळईवाला, जालना
शाफ्टलाच घडवलेले आहेत दाते. शाफ्ट, रोलर आणि पायलट बेअरिंग मागवलं, स्लीव्ह चांगली निघाली. ऑइल कुठलं टाकू? दुकानदार जीएल-5 देतोय, म्हणतो हे वरच्या दर्जाचं.

निवृत्त फिटर, चिकलठाणा
वरच्या दर्जाचं आहे, पण ते मागच्या हाउसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या, क्राउन-पिनियनसाठी. पितळी कोन असलेल्या बॉक्सला जीएल-4, 80डब्ल्यू-90, मॅन्युअलात वेगळं दिलं नसेल तर. क्लच शाफ्टवरचा गिअर नवा आणि ले शाफ्टचा जुना असल्याने सुरुवातीला थोडा आवाज येईल, टॉपमध्ये कमी, खालच्या गिअरमध्ये जास्त. पहिली पुण्याची फेरी हलक्या मालावर कर, आल्यावर ऑइल गरम असतानाच काढ आणि ड्रेन प्लगचं चुंबक बघ. नुसती राखाडी पेस्ट असेल तर नवं भरून कामाला लाग. तुकडे दिसले तर फोटो इथे टाक.