मदत हवी आहे: ग्रुप राईडमध्ये मागे पडणाऱ्याला सांभाळायचं कसं?

नमस्कार मंडळी,

इथले धागे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. मागच्या रविवारी जे झालं त्यानंतर डोक्यातून विषय जात नाहीये.

आम्ही नऊ-दहा जण महिन्यातून एखाद्या रविवारी बाईक घेऊन बाहेर पडतो. क्लब वगैरे नाही. ज्याला जमेल तो येतो, येताना एखादा मित्रही घेऊन येतो. ग्रुपवर मेसेज टाकायचं काम माझ्याकडे आलं आणि मग रस्ता ठरवणं, थांबे ठरवणं हेही हळूहळू माझंच झालं. गाड्या सगळ्या तऱ्हेच्या आहेत. दोन साडेसहाशे सीसीच्या, चार-पाच दीडशे-दोनशेच्या, एक स्कूटर. एक जोडपं कायम डबलसीट असतं. एक काका साठी ओलांडलेले, आयुष्यभर गाडी चालवलेले. आणि माझा मावसभाऊ, ज्याला लायसन्स मिळून तीन महिने झालेत.

पडला तो मावसभाऊ.

एका सिग्नलला पुढचे चौघे हिरव्यावर निघून गेले आणि भावाच्या तोंडावर लाल लागला. पुढच्यांना कळलंच नाही. सिग्नल सुटला तेव्हा समोरचा रस्ता मोकळा, एकही ओळखीचा टेललाईट नाही. मी त्याच्या मागेच होते. त्याने गाडी जी पिळली ती मी बघतच राहिले. हॉर्न दिला, हेडलाईट मारला, पण त्याचं आरशाकडे लक्षच नव्हतं. पाच-सहा किलोमीटरवर एक वळण होतं, पुढे जाऊन आणखी आवळत जाणारं. हा वेगात आत शिरला, घाबरला आणि कडेच्या खडीकडे बघत राहिला. जिथे नजर तिथेच गाडी गेली. खडीवर पुढचा ब्रेक दाबला गेला आणि चाक घसरलं.

खांदा आणि गुडघा शेकला, बाकी नशीब. ग्लव्हचा तळवा आरपार फाटला होता, आतला हात मात्र शाबूत. क्लचची लिव्हर मुळापासून तुटली होती. हेल्मेट काढल्यावर तो पहिलं काय बोलला सांगू? “ताई, तुम्ही सगळे माझ्यासाठी खोळंबला असाल असं वाटलं.”

पुढचे चौघे फोन पाहून पंचवीस मिनिटांनी परत आले. त्यातला एक म्हणाला, “ज्याने त्याने आपल्या कुवतीने चालवावी, हे तर पहिलंच सांगितलं होतं.” खरंय, सांगितलं होतं. पण तीन महिन्यांच्या माणसाला आपली कुवत ठाऊक असते का? आणि मागे एकटं पडल्यावर ती लक्षात तरी राहते का?

विचारायचं ते हे. नवख्याला रांगेत कुठे ठेवायचं? लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे चालवणाऱ्याच्या, लगेच मागे ठेवा असं सगळे सांगतात, पण मग लीडशी बरोबरी करायला तो आणखी ओढतो अशी मला भीती वाटते. सिग्नलला किंवा फाट्यावर रांग तुटली तर नेमकं काय करायचं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे पुढे पळणाऱ्या मित्राला सांगायचं कसं? मला बाईक त्यानेच शिकवली आहे. त्याला दुखवायचं नाही आणि भावाला पुन्हा असं पडू द्यायचं नाही.

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

भाऊ थोडक्यात वाचला हे वाचून बरं वाटलं. खांदा एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, कॉलरबोनची बारीक चीर पहिल्या दिवशी कळत नाही.

तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या सिग्नलमध्ये आहे, भावाच्या हातात नाही. साधा हिशोब करू. सिग्नल एक मिनिट लाल राहिला आणि पुढचे ताशी ६० ने गेले, तर ते एक किलोमीटर पुढे गेले. आता भाऊ ७० ने निघाला तर तेवढं अंतर भरून यायला सहा मिनिटं लागणार, आणि तोवर तो सात किलोमीटर स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने चालवणार. तेच पुढचे एक मिनिट कडेला थांबले असते तर हे सात किलोमीटर उद्भवलेच नसते.

गतिरोधकावर, खड्ड्यावर, वळणावर, सगळीकडे हेच होतं. पहिली गाडी गतिरोधक ओलांडून पुन्हा ६० ला पोचते तेव्हा सहावी अजून त्याच्या अलीकडे २० वर असते. रांग रबरासारखी ताणली जाते, आणि ते ताणलेलं अंतर भरून काढायला शेपटाला नेहमी डोक्यापेक्षा जोरात पळावं लागतं. म्हणजे सगळ्यात कच्चा गडी शेवटी असला की सगळ्यात जास्त वेग त्याच्याच वाट्याला येतो. लीडने अडथळा ओलांडला की शेवटची गाडी पार होईपर्यंत वेग वाढवायचाच नाही. लीडचं खरं काम आरशात असतं.

आमच्याकडे एकच नियम पाळला जातो: आपल्या मागच्याचा हेडलाईट ही आपली जबाबदारी. तो आरशातून गेला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून कडेला थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमचा पुढचा थांबेल, आणि निरोप आपोआप लीडपर्यंत जाईल. फाट्यावर वळायचं असेल तर मागच्याने आपल्याला वळताना पाहिल्याशिवाय तिथून हलायचं नाही. आपण रस्ता चुकणार नाही आणि कोणीतरी उभं असणार, याची खात्री पटली की नवखा पाठलाग सोडतो. हे नुसतं सांगून होत नाही. दोन-तीन फाट्यांवर खरंच कोणीतरी उभं दिसावं लागतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. अंतराबद्दल थोडं.

नागमोडी रांग फक्त सरळ, मोकळ्या रस्त्यावर. एक जण लेनच्या एका बाजूला, पुढचा दुसऱ्या बाजूला. तिरक्या दिशेच्या गाडीपासून किमान एक सेकंद आणि नाकासमोरच्या गाडीपासून किमान दोन. सेकंद मोजायला खांब किंवा झाड धरायचं. पुढचा त्याला ओलांडून गेला की “एक हजार एक, एक हजार दोन” म्हणायचं, त्याआधी आपण तिथे पोचलो तर फार जवळ आहोत. ताशी ६० ला दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर, वाटतं त्याहून बरंच जास्त. वळणं, घाट, ओला किंवा खराब रस्ता आला की एकेरी रांग, म्हणजे प्रत्येकाला वळणात लेनची पूर्ण रुंदी वापरता येते. शेजारी-शेजारी कधीच नको, खड्डा चुकवायला जागाच उरत नाही.

अमेरिकेतली मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन पाच ते सात जणांचे गट सुचवते. तुम्ही दहा असाल तर पाच-पाचचे दोन गट करा, प्रत्येकाला स्वतःचा लीड आणि शेवटी स्वीप, म्हणजे कोणी मागे राहत नाही ना हे बघणारा. ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः बघून करायचं. पुढच्याने हात हलवून “ये” म्हटलं म्हणून निघायचं नाही, त्याला दिसणारा रस्ता आणि तुम्हाला दिसणारा रस्ता वेगळा असतो.

प्रतिसाद ३

ताई, मी दोन वर्षांपूर्वी तुमच्या भावाच्या जागी होते, म्हणून एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट सांगते. मोठ्या गाड्यांवरचे लोक नुसता थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडून वेग कमी करतात. इंजिनच गाडी ओढून धरतं, ब्रेक लागत नाही, म्हणजे ब्रेकलाईट पेटतच नाही. मागच्या नवख्याला कळतं तेव्हा पुढची गाडी अंगावर आलेली असते. त्यांना सांगा, थ्रॉटल सोडताना ब्रेक लिव्हरला बोट लावा, दिवा लुकलुकेल एवढंच. माझ्यासाठी पुढचा माणूस हे करायला लागला आणि माझे खांदे सैल झाले.

प्रतिसाद ४

मित्राला कसं सांगायचं ते मी सांगू शकेन, कारण आमच्या ग्रुपमध्ये पुढे पळणारा मीच होतो.

मला ग्रुपवर मेसेज टाकून कोणी समजावलं असतं तर मी उलट भांडलो असतो. ग्रुप चालवणाऱ्या दादांनी तसं काही केलं नाही. एका राईडला म्हणाले, “आज शेवटी तू राहा, मला तिथे भरवशाचा माणूस हवाय.” फ्लुरोसंट जॅकेट दिलं आणि सांगितलं, या जॅकेटच्या मागे कोणी राहता कामा नये. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की माझ्या वेगाचं मागे काय होतं. एक मुलगी प्रत्येक वळणानंतर गाडी शेवटपर्यंत पिळत होती, तिचं डोकं हँडलवर झुकलेलं, आणि समोर कोणीच दिसत नव्हतं. मी आजवर ज्यांना “सावकाश या की” म्हणत होतो ते सावकाश येतच नव्हते. ते जीव खाऊन येत होते.

त्यानंतर मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. तुमच्या मित्राने तुम्हाला शिकवलंय म्हणजे त्याच्यात शिकवायचा संयम आहे. त्याला स्वीप करा.

नवख्याला लीडच्या मागेच ठेवा, पण लीड तुम्ही करा, तो वेगवान मित्र नको. लीडचा वेग नवख्याच्या सोयीने ठरायला हवा. वळणात तो मागे राहायला लागला की पुढच्या वळणाआधी तुम्ही पाच-दहाने कमी व्हा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. खांदा दाखवला, चीर नाही. आठवडाभर थांबून लिहिते आहे कारण काल आम्ही पुन्हा बाहेर पडलो. भाऊ नव्हता, हात अजून उचलत नाही.

मित्राला शुक्रवारी एकटं भेटले. भावाचा फाटलेला ग्लव्ह सोबत नेला होता, तो टेबलवर ठेवला आणि सहा मिनिटं, सात किलोमीटर हा हिशोब सांगितला. तो बराच वेळ ग्लव्हच्या भोकातून बोट घालून बघत होता. मग म्हणाला, “त्या सिग्नलला मी आरशात पाहिलंच नव्हतं गं.” काल तो शेवटी राहिला, स्वतःहून.

नऊ जण होतो, चार आणि पाच असे दोन गट केले. निघण्याआधी दहा मिनिटं उभं राहून सगळं बोललो: थांबे कुठे, कोणाच्या मागे कोण, हाताच्या खुणा कोणत्या. पेट्रोलचे थांबे स्कूटरच्या टाकीप्रमाणे ठरवले, तिचीच सगळ्यात लहान. माझ्या गटात दुसऱ्या नंबरवर काका होते. एका फाट्यावर त्यांना थांबवलं आणि मित्र येईपर्यंत ते तिथे हात वर करून उभे होते. नंतर म्हणाले, इतक्या वर्षांत आपल्यासाठी कोणी असं थांबलेलं त्यांना आठवत नाही. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. स्कूटरची चाकं लहान, खड्ड्यात ती बाईकपेक्षा जास्त आपटते, त्यामुळे चालवणारी मैत्रीण अचानक बाजू बदलते. तिच्या मागे डबलसीट जोडपं होतं, आणि जड गाडीला थांबायला वेळ लागतो. दोनदा फार जवळ आले. स्कूटरला गटात शेवटून दुसरं, म्हणजे स्वीपच्या पुढे ठेवावं, की लीडच्या मागे आणून डबलसीट मागे न्यावी? भाऊ परत आला की लीडच्या मागची जागा त्याची, म्हणून हे आत्ताच ठरवायचं आहे. कोणी मिश्र गटात स्कूटर सांभाळली असेल तर जरूर लिहा.